चित्र कुठे आहे? : गॅलरीच्या नोकरीतलं पहिलं वर्ष

गॅलरीत नव्याने लागलेल्या माणसाच्या हाती पहिल्या आठवड्यात कोणी गिऱ्हाईक सोपवत नाही. एक एक्सेलची फाइल, गोदामाची किल्ली आणि मोजपट्टी मिळते. यादीतलं प्रत्येक काम जागेवर आहे का, ते बघायचं. समजा यादीत 300 कामं आहेत आणि गोदामात 291 सापडली. उरलेल्या नवातली दोन फ्रेमवाल्याकडे, एक फोटो काढायला गेलेलं, तीन एका आर्किटेक्टकडे ‘क्लायंटला दाखवून परत देतो’ म्हणून नेलेली, एक मालकांच्या दिवाणखान्यात. दोनांचा पत्ता कोणालाच नाही. ती दोन शोधता शोधता हा धंदा जेवढा कळतो तेवढा कुठल्या अभ्यासक्रमात कळत नाही.

मराठी घरात गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची जागा, आणि चित्रांची गॅलरी म्हणजे जहांगीर. काळा घोड्याची ती इमारत 1952 ची. तिथे चित्रकार आठवड्याचं भाडं भरतो, मंगळवारी प्रदर्शन लागतं, सोमवारी उतरतं, विक्री झाली तर त्याची त्यानेच करायची. व्यावसायिक गॅलरीत चित्रकाराकडून भाडं घेत नाहीत. जागा, छपाई, दिवे, उद्घाटनाचं खाणंपिणं, सगळा खर्च गॅलरीचा, आणि विक्री झाली की त्यातला ठरलेला हिस्सा गॅलरीचा. समकालीन चित्रकारांच्या बाबतीत तो बहुतेक ठिकाणी निम्मा असतो. ‘निम्मे पैसे कशाचे?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतातच. वर्षभर काम केल्यावर उत्तर आपोआप देता येतं.

मुंबईतला हा धंदा फ्रेमच्या दुकानातून वर आला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. केकू गांधींनी 1941 मध्ये केमोल्ड हा फ्रेमचा व्यवसाय सुरू केला. दुकानाच्या काचेत तरुण चित्रकारांची चित्रं लागू लागली आणि 1963 मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. त्याच वर्षी हुतात्मा चौकाजवळ पंडोल सुरू झाली. लाकूड, काच, खिळा आणि हिशेब यांच्याशी या कामाचं नातं तेव्हापासूनचं आहे, आजही तुटलेलं नाही.

शिक्षण काय लागतं? जे. जे. कला महाविद्यालयाची किंवा बडोद्याच्या ललित कला शाखेची पदवी असेल तर उत्तमच. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा आधुनिक आणि समकालीन भारतीय कलेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आणि फोर्टातल्या ज्ञानप्रवाह या संस्थेचे कलाविषयक वर्ग, यांतून येणारी मुलंही बरीच दिसतात. पण कॉमर्सची पदवी असलेल्याला आणि इनव्हॉइस न चुकता बनवता येणाऱ्यालाही इथे चांगली मागणी आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. जाहिराती कमी निघतात. जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकेंड आणि नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर भरणारा आर्ट मुंबई हा कलामेळा, या दोन वेळी प्रत्येक गॅलरीला हात कमी पडतात. महिनाभर आधी अर्ज केला तर पंधरा दिवसांचं तात्पुरतं काम मिळण्याची शक्यता असते आणि कायमच्या नोकऱ्या पुष्कळदा त्यातूनच निघतात. अर्जात ‘मला कलेची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य नको. त्या गॅलरीची गेल्या वर्षातली दोन प्रदर्शनं पाहिली असतील तर त्यांची नावं आणि त्यातलं एखादं काम लक्षात का राहिलं, एवढं पुरतं. पाहिली नसतील तर कुलाबा ते फोर्ट एक शनिवार पायी फिरावं. बहुतेक गॅलऱ्यांत प्रवेश फुकट असतो आणि बेल वाजवायला लाजायचं कारण नाही.

आता एकच चित्र धरू आणि त्याच्या मागे जाऊ. कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक, 48 इंच उंच, 36 इंच रुंद.

ते स्टुडिओतून यायच्या आधीच त्याचा नंबर तयार पाहिजे. चित्रकाराची आद्याक्षरं, साल, अनुक्रमांक. हा नंबर चित्राच्या मागे, कॅनव्हास ज्यावर ताणलेला असतो त्या चौकटीच्या लाकडावर शिसपेन्सिलीने लिहायचा, कॅनव्हासच्या पाठीवर कधीही नाही. मार्करची शाई काही वर्षांत पुढे उतरते. नोंदीत शीर्षक, साल, माध्यम, माप, सही कुठे आहे, किंमत आणि ‘सध्या कुठे’ हा रकाना. माप आधी उंची, मग रुंदी. हा क्रम एकदा उलटा झाला की सुतार आडवी फ्रेम बनवून आणतो आणि ग्राहकाच्या सोफ्यामागच्या भिंतीचं गणित चुकतं. परदेशी ग्राहकाला सेंटिमीटर द्यायचे तर फाइलमध्ये दोन्ही मापं ठेवावीत, दर वेळी डोक्यात गुणाकार करू नये. माध्यमाच्या रकान्यात ‘मिक्स्ड मीडिया’ लिहून सुटका करून घेणारे चित्रकार बरेच. त्यांना फोन करून नेमकं विचारायचं: कोळसा आहे का, सोन्याचा वर्ख आहे का, चिकटवलेला कागद कुठला. पाच वर्षांनी चित्राला बुरशी लागली की डागडुजी करणारा हेच विचारणार आहे.

चित्र टेम्पोतून उतरलं की वेष्टण काढायच्या आधी त्याचे फोटो. मग स्थितीचा अहवाल. खिडकीपाशी चित्र उभं करायचं आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरायचा. समोरून सपाट दिसणाऱ्या रंगात चौकटीच्या आडव्या पट्टीची रेघ उमटलेली दिसते, कोपऱ्यात कॅनव्हास सैल पडून आलेली वळी दिसते, कुठे नखाएवढा पोचा. प्रत्येक गोष्ट मापासकट लिहायची: ‘डाव्या कडेपासून 6 इंच, खालून 2 इंच, अर्धा इंच ओरखडा, रंग उडालेला नाही’. ‘स्थिती चांगली’ एवढंच लिहिलेला अहवाल विम्याचा सर्वेक्षक बाजूला ठेवतो. खाली आणून देणाऱ्याची सही आणि तारीख. हे दहा मिनिटांचं काम टाळलं तर सहा महिन्यांनी त्या ओरखड्याची भरपाई गॅलरीच्या खिशातून जाते, मग तो आधीचा असो वा नसो.

सोबत दोन कागद लागतात. एक मालाचं चलान आणि दुसरा चित्रकाराशी केलेला विक्रीसाठी ठेवण्याचा करार. करारात काय असतं यापेक्षा काय सुटतं ते सांगितलेलं बरं. सवलत कोणी सोसायची, फ्रेमचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांत द्यायचे, आणि न विकलेलं काम परत पाठवायचं भाडं कोणाचं. चित्रकार मित्र असला की या चार गोष्टी तोंडी ठरतात, आणि भांडणं या चारांवरूनच होतात.

फ्रेमचंच घ्या. चित्राची किंमत 2,00,000. ग्राहकाला 10 टक्के सवलत दिली, राहिले 1,80,000. फ्रेमला 12,000 लागले, ते गॅलरीने भरले. हे 12,000 आधी वजा करून उरलेल्याची निम्मी वाटणी केली तर चित्रकाराला 84,000. आधी निम्मे करून फ्रेम पूर्ण चित्रकाराच्या हिश्शातून कापली तर 78,000. फ्रेम गॅलरीचा खर्च धरला तर 90,000. तिन्ही पद्धती चालतात, तिन्ही प्रामाणिक आहेत. पण चित्रकाराच्या मनात 90,000 आणि हिशेबनिसाच्या मनात 78,000 असेल तर ते संबंध तिथेच संपले समजा.

किंमत कशी ठरते हेही नव्या माणसाला गूढ वाटतं. आपल्याकडे तरुण चित्रकारांसाठी चौरस इंचाचा दर धरायची पद्धत आहे. 48 गुणिले 36 म्हणजे 1,728 चौरस इंच. दर 115 रुपये धरला तर 1,98,720, म्हणजे दोन लाख. याच दराने बारा बाय बाराचं छोटं काम 16,560 ला जाईल, आणि त्याला मेहनत काही त्या प्रमाणात कमी लागलेली नसते. म्हणून लहान कामांना दर चढा ठेवतात, 160 धरला तर 23,040. सूत्र हे फक्त सुरुवातीला टेकू म्हणून. खरा नियम एकच: किंमत हळू वाढवा, कारण ती खाली आणता येत नाही. गेल्या वर्षी दोन लाखांना घेतलेल्या माणसाला या वर्षी तसंच चित्र दीड लाखाला लागलेलं दिसलं, तर तो पुन्हा येत नाही आणि चार जणांना सांगतोही. स्टुडिओतून थेट स्वस्तात विकणारा चित्रकार असाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. ते त्याला समजावून सांगणं हेही व्यवस्थापकाचंच काम, आणि त्रासाचं.

आता टांगणं. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर आणायचा. एक आकडा ठरवून पूर्ण दालनाला तोच ठेवायचा. आपण 58 धरू. 48 च्या निम्मे 24, म्हणजे चित्राची वरची कड 82 इंचांवर येणार. चौकटीच्या मागे दोन बाजूंना कड्या असतात. वरच्या कडेपासून त्या 8 इंच खाली असतील तर हुक 82 वजा 8, म्हणजे 74 इंचांवर. तारेवर टांगायचं असेल तर तार ताणून धरल्यावर तिचा मध्य वरच्या कडेपासून किती खाली येतो ते मोजायचं, सैल तारेचं माप घेतलं तर चित्र इंचभर खाली येतं. दोन हुक, एक नाही. एका हुकावरचं चित्र दार आपटलं तरी तिरपं होतं.

भिंत 20 फूट, म्हणजे 240 इंच. 36 इंची चार चित्रांनी 144 खाल्ले, 96 उरले. जागा पाच, म्हणजे प्रत्येकी 19.2 इंच. कागदावर बरोबर, भिंतीवर मात्र टोकाची चित्रं कोपऱ्यात दबल्यासारखी दिसतात. मग मधल्या तीन जागा 18 करायच्या आणि टोकांना 21 सोडायचे. तीन अठरे चौपन्न आणि दोन एकवीस बेचाळीस, शहाण्णव बरोबर जमले. हे गणित सुतार यायच्या आधी आदल्या रात्री कागदावर करून ठेवायचं. तो शिडीवर, चार माणसं खाली ‘थोडं डावीकडे’ म्हणत उभी, अशी मांडणी पहाटे तीनपर्यंत चालते आणि भिंतीला चाळण होते. फोर्टातल्या जुन्या इमारतींत पाणसळ लावून बघा. जमीन एका टोकाला इंचभर उतरलेली सापडेल. तेव्हा मोजमाप जमिनीपासून न घेता भिंतीवर लेसरची आडवी रेघ टाकून तिच्यापासून घ्यायचं. भिंतीवर प्लाय चढवलेला असेल तर स्क्रू कुठेही धरतो. नुसत्या जुन्या गिलाव्यात तो भुसभुशीत निघतो, तिथे ड्रिल करून प्लग ठोकल्याशिवाय जड काम टांगू नये.

दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांतून, नाहीतर काचेवर बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो. तैलरंगाला 200 लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं एकक) चालतं, कागदावरच्या जलरंगाला 50 च्या पुढे नको. लक्समीटर विकत घ्या. डोळ्यांना दहा मिनिटांत कुठल्याही उजेडाची सवय होते.

उद्घाटन गुरुवारी संध्याकाळी असो की आणखी कधी, त्या दिवशी विक्री फारशी होत नाही. गर्दी चित्रकाराच्या मित्रांची असते. घेणारा माणूस आदल्या दिवशी एकटा येऊन गेलेला असतो किंवा पुढच्या मंगळवारी दुपारी येतो. किंमतीची यादी टेबलावर, भिंतीवर नाही. ‘लास्ट किती?’ हा प्रश्न येणारच. त्यावर नव्या माणसाने आकडा सांगायचा नाही आणि ‘फिक्स आहे’ म्हणून तोंडही पाडायचं नाही. ‘सर, मॅडमशी बोलून तुम्हाला संध्याकाळपर्यंत कळवते’ एवढं म्हणायचं आणि संध्याकाळपर्यंत खरोखर कळवायचं. कळवणं राहून गेलं म्हणून हुकलेले सौदे सवलतीवरून फिसकटलेल्यांपेक्षा जास्त असतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे एकच चित्र दोघांसाठी राखून ठेवणं. मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला शब्द दिला, इकडे काउंटरवर दुसऱ्याला. म्हणून राखून ठेवायची मुदत 48 तास, आणि नोंद फाइलमध्ये नाव, तारीख, वेळ यांसह तिथल्या तिथे. ‘विकलं’ची खूण असलेली लाल टिकली पैसे किंवा लेखी होकार आल्यावरच.

मग बिल. चित्रांवरचा जीएसटी 2017 मध्ये 12 टक्के लागला होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के आहे. आपल्या 1,80,000 वर 9,000, एकूण 1,89,000. गॅलरीने फक्त दलाली घेतली तर ती सेवा ठरते, तिचा दर 18 टक्के. बिल कोणाच्या नावाने फाटतं यावर सगळा हिशेब फिरतो. प्रदर्शनाआधी सीएला विचारायचं, नंतर नाही. दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, ‘अर्धे रोख देतो’ म्हणणारा भेटला तरी. विक्रीसाठी ठेवलेल्या मालाचं सहा महिन्यांत बिल झालं पाहिजे किंवा तो परत गेला पाहिजे, हा नियम तर चलानाच्या तारखांवर बारीक लक्ष ठेवल्याशिवाय पाळताच येत नाही.

ग्राहकाला बिलासोबत चित्रकाराच्या सहीचं अस्सलपणाचं प्रमाणपत्र द्यायचं आणि एक गोष्ट नम्रपणे सांगायची: चित्र तुमचं झालं, त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहिला. कंपनीच्या कॅलेंडरवर छापायचं तर परवानगी लागेल. पैसे आले की चित्रकाराचा हिस्सा तीस दिवसांत. त्याच्या पैशातून गॅलरीचं भाडं भरायचं आणि पुढच्या विक्रीतून त्याचे द्यायचे, अशी साखळी जिथे चालते तिथे नोकरी करू नये. मुलाखतीला जाण्याआधी दोन चित्रकारांना विचारलं तर लगेच कळतं.

पाठवणी करताना बबलरॅप थेट रंगावर लावला तर उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक मऊ होऊन त्यावर गोल गोल ठसे उठतात. आधी ग्लासिन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद, मग फोम, मग बबलरॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. लांबच्या प्रवासाला प्लायची पेटी, आत सगळीकडून दोन इंच फोम, आणि झाकण स्क्रूने बसवलेलं. खिळे ठोकले तर पलीकडचा माणूस पहारीने उघडतो. टेम्पोत चित्र उभं, प्रवासाच्या दिशेला समांतर. आडवं टाकलं की त्यावर कोणीतरी डबा ठेवतोच.

दिल्लीच्या इंडिया आर्ट फेअरला जायचं तर कागद वाढतात. 50,000 वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन काढायचा परवाना. तिथे शाखा नसेल आणि तिथेच बिलं करायची असतील तर दिल्लीत तात्पुरती जीएसटी नोंदणी: अर्ज किमान पाच दिवस आधी, अंदाजे कर आगाऊ, मुदत 90 दिवस. परदेशी पाठवायचं असेल तर आधी चित्रकार कोण ते पाहायचं. रवी वर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, तिघे टागोर, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक, या नऊ जणांची कामं 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. समकालीन कामालाही पुरातत्त्व खात्याचा ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला मागितला जाऊ शकतो. तो एका दिवसात मिळत नाही, त्यामुळे विमानाची तारीख दाखल्यानंतर ठरवायची.

मार्चनंतर हंगाम उतरतो आणि जूनमध्ये गोदामाची परीक्षा सुरू होते. मुंबईच्या पावसात हवेतला दमटपणा 85-90 टक्क्यांवर जातो, कागदाला आणि कॅनव्हासला 50 च्या आसपास हवा. रात्री एसी बंद केला की सकाळपर्यंत आकडा पुन्हा वर चढतो, आणि हा चढउतार सततच्या दमटपणापेक्षाही वाईट. म्हणून डीह्युमिडिफायर चोवीस तास चालू, त्याची टाकी सकाळ-संध्याकाळ रिकामी, आर्द्रतामापकाचा आकडा रोज वहीत. चित्रं जमिनीपासून सहा इंच वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, कारण ओल त्या भिंतीतून येते. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलेलं काम आतल्या आत घामेजतं. पावसाळ्यापूर्वी ती सगळी वेष्टणं सोडून सुती कापड घालायचं. कागदावरच्या कामांत कसर लागली का ते फ्रेमच्या मागच्या पट्टीपाशी टॉर्च मारून बघायचं, आणि बुरशीचा ठिपका दिसला तर पुसायचा नाही. पुसला की पसरतो. ते काम वेगळ्या खोलीत ठेवून डागडुजीच्या माणसाला बोलवायचं आणि यादीत ‘सध्या कुठे’ या रकान्यात त्या खोलीचं नाव, तारखेसकट, त्याच दिवशी.